टॉवर दिसतो, मग रेंज का नाही?

प्रश्न : आमची वस्ती तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात, सावळजच्या बाजूला आहे. गावातला टॉवर आमच्या अंगणातून स्वच्छ दिसतो, तरी घरात फोन लागत नाही. लागलाच तर आम्हाला पलीकडचं ऐकू येतं, पण आमचं त्यांना तुटक तुटक जातं. बोलायचं तर गच्चीवर नाहीतर बांधावर जायचं. छाटणीला टोळीचा मुकादम, सौद्याच्या दिवशी अडत्या, बँकेचा ओटीपी, सगळं आता फोनवरच चालतं. मुलगा पुण्याला असतो, तो एका कंपनीचं नाव घेतो. तासगावचा मोबाईल दुकानदार दुसरीचं घेतो. मेहुणे म्हणतात, बीएसएनएल घ्या. समोर टॉवर असून रेंज का नसते आणि कार्ड नक्की कोणत्या कंपनीचं घ्यावं, हे जरा उलगडून सांगाल का?
(एक द्राक्षबागायतदार, ता. तासगाव)

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, की दुसऱ्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल. ते तुम्हीच काढायला हवं, कारण पुण्याचा मुलगा, तासगावचा दुकानदार आणि मेहुणे हे तिघंही खरं बोलत असतील. प्रत्येक जण आपापल्या घरातल्या रेंजबद्दल बोलतोय. रेंज ही कंपनीची सरसकट मालमत्ता नसते. ती जागेची असते, आणि जागा म्हणजे तालुकाही नव्हे, गावही नव्हे. तुमचा ओटा, तुमची बाग आणि तुमचा रस्ता.

टॉवरवर नक्की काय असतं

अंगणातून टॉवर दिसतो म्हणालात. उद्या सकाळी जरा जवळ जाऊन मान वर करून बघा. लोखंडी सांगाड्यावर दोन प्रकारच्या वस्तू दिसतील. एक, गोल डब्यासारख्या किंवा तबकडीसारख्या. त्यांचा तुमच्या फोनशी थेट संबंध नाही. त्या एका टॉवरचं बोलणं दुसऱ्या टॉवरपर्यंत पोचवतात. दुसऱ्या वस्तू म्हणजे उभ्या, चपट्या, पांढुरक्या पेट्या. त्या खऱ्या अँटेना. तुमचा फोन बोलतो तो त्यांच्याशी.

या पेट्या साधारण तीन दिशांना तोंड करून लावलेल्या असतात. प्रत्येकीनं वर्तुळाचा एक तृतीयांश भाग सांभाळायचा, अशी वाटणी. त्या किंचित खाली झुकवलेल्याही असतात, म्हणजे लहरी आभाळात वाया जाऊ नयेत आणि लांबच्या टॉवरच्या हद्दीत घुसू नयेत. आता कंपनी या तोंडांची दिशा ठरवते ती ग्राहक कुठे जास्त आहेत ते पाहून. गावठाण, बाजारपेठ, मोठा रस्ता यांच्याकडे तोंड नीट लागतं. मळ्यातली चार घरांची वस्ती दोन तोंडांच्या मधल्या फटीत सापडली, किंवा मध्ये एखादी टेकाडाची धार आली, तर टॉवर डोळ्यांना दिसूनही फोनला उपाशी राहावं लागतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. टॉवर एका कंपनीचा असेलच असं नाही. सांगाडा उभा करणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात आणि त्यावर भाड्यानं अँटेना लावणाऱ्या मोबाईल कंपन्या वेगळ्या. इंडस टॉवर्स हे त्यातलं मोठं नाव. तिच्या टॉवरवर एअरटेल आणि व्हीआय या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या शेजारी शेजारी असतात. तेव्हा समोर दिसणाऱ्या टॉवरवर तुमच्या कार्डाच्या कंपनीची अँटेना आहे का, हा पहिला प्रश्न. नसली तर तो टॉवर तुमच्यासाठी लोखंडाचा खांब. तुमचा फोन कुठल्या तरी लांबच्या टॉवरशी झुंजत असणार.

सगळ्या लहरी सारख्या नसतात

तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला निघतो, तेव्हा लांबच्या गल्लीत घराची दारं लावून बसलं तरी ढोलाचा ठोका आत येतो. झांजेचा आवाज मात्र वळणावरच विरतो. मोबाईलच्या लहरींचंही तसंच आहे. कमी कंपनाच्या, म्हणजे लांब लहरी दूर जातात आणि भिंतीतून आत शिरतात. जास्त कंपनाच्या, आखूड लहरी भरपूर माहिती वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी आणि भिंतीपुढे त्या लवकर हार मानतात.

७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ४३ सेंटिमीटर लांब असते, ९०० ची ३३ सेंटिमीटर. २३०० मेगाहर्ट्झला ती १३ सेंटिमीटरवर येते आणि ५जीसाठी शहरांत जास्त वापरल्या जाणाऱ्या ३३००च्या पट्ट्यात जेमतेम ९ सेंटिमीटरवर. ७०० ते ९०० या पट्ट्याला 'लो बँड' म्हणतात. खेड्यापाड्यात आणि वस्तीवर घरात फोन लागायचा तर भिस्त याच पट्ट्यावर असते. एकाच टॉवरवर एकाच कंपनीच्या तीन-चार पट्ट्यांच्या अँटेना असू शकतात. कुठे लो बँड लावलेला असतो, कुठे नसतो. म्हणून गच्चीवर रेंज भरपूर आणि जिना उतरला की गायब, असं होतं. गच्चीवर तुम्हाला आखूड लहर सापडलेली असते. ती जिना उतरत नाही.

घराचाही वाटा असतोच. सिमेंटचा स्लॅब आणि त्यातली लोखंडी सळईची जाळी लहरींना अडवते. पत्रा तर त्यांना सरळ परतवून लावतो; बेदाणा शेडच्या पत्र्याखाली फोन घेऊन उभं राहिलं की हा अनुभव येतो. जुन्या घरांच्या हातभर जाड दगडमातीच्या भिंती वेगळ्याच. भोवती दाट झाडी असेल तर पावसाळ्यात ओल्या पानांनी आखूड लहरी आणखी खचतात.

आम्हाला ऐकू येतं, त्यांना का नाही?

याचं कारण ताकदीच्या फरकात आहे. टॉवरवरचा रेडिओ वीस-चाळीस वॅटचा असतो. तुमच्या हातातल्या फोनला ४जीवर जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा पाचवा हिस्सा, एवढीच ताकद वापरता येते. टॉवरचा आवाज कसाबसा तुमच्यापर्यंत येतो, पण तुमचा परतीचा आवाज वाटेतच थकतो. दांड्या मात्र फोन दाखवतो त्या येणाऱ्या आवाजाच्या. म्हणून दोन दांड्या दिसत असताना पलीकडचा "हॅलो, हॅलो" करत बसतो. वस्तीवर फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, त्यामागेही बरेचदा हेच असतं. टॉवर लांब असला की फोन सतत पूर्ण जोर लावून बोलतो.

दांड्यांवर विसंबू नका, याला दुसरंही कारण आहे. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते. एकाच जागी, एकाच कंपनीच्या कार्डावर एका फोनला चार दांड्या आणि दुसऱ्याला दोन दिसू शकतात.

आणि दांड्या पूर्ण असूनही कॉल लागत नाही, तेव्हा रेंजचा प्रश्न नसून गर्दीचा असतो. रथाच्या दिवशी तासगावात किंवा दसऱ्याच्या रात्री कवठे एकंदला आतषबाजी बघायला गेलेल्यांनी हे अनुभवलं असेल. टॉवर जवळ असतो, पण एका वेळी तो ठरावीक लोकांनाच नीट वाटून देऊ शकतो. मुलाचं पुण्यातलं मत तुमच्या कामाचं नाही, ते यामुळेही. त्याची अडचण गर्दीची असते, तुमची अंतराची.

कंपन्या कशा वेगळ्या आहेत

अमुक कंपनी तासगावात चांगली, असं मी लिहिणार नाही. ते कवठे एकंदला खरं आणि डोंगरसोनीला खोटं ठरेल. पण प्रत्येकीचा स्वभाव माहीत असलेला बरा.

जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली ती थेट ४जीवर. तिच्याकडे २जी किंवा ३जी नाहीच. ८५०चा लो बँड तिच्याकडे आहे, आणि २०२२च्या लिलावात ७००चा पट्टा सगळ्या विभागांत घेणारी खासगी कंपनी ती एकटीच. एअरटेलनं ३जी बंद केलं, पण २जी आणि ४जी दोन्ही चालू ठेवलं आहे. २०२१च्या लिलावानंतर लो बँड तिच्याकडेही देशभर आहे. व्हीआय म्हणजे २०१८ साली एक झालेल्या व्होडाफोन आणि आयडिया. महाराष्ट्रात या दोघींचं बस्तान जुनं, ९००चा पट्टा हातात, २जी अजून चालू. प्रश्न एवढाच, की तुमच्या टॉवरवर त्यांनी ४जीची भर किती घातली आहे. बीएसएनएलनं आपलं स्वदेशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर अधिकृतपणे सुरू केलं. ते प्रामुख्यानं ७०० आणि २१०० या पट्ट्यांवर चालतं. म्हणजे मेहुण्यांचा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण एक अट आहे : फोन ७००च्या पट्ट्याचा, म्हणजे 'बँड २८'चा असायला हवा. बरेच जुने आणि स्वस्तातले फोन तो पट्टा ओळखत नाहीत. मग टॉवर शेजारी असूनही फोन २जीवरच अडकतो, आणि दोष कंपनीला दिला जातो. फोनच्या खोक्यावर किंवा बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर बँडची यादी असते. नवा फोन घेताना कॅमेऱ्याइतकंच लक्ष तिच्याकडेही द्या.

कार्ड बदलण्याआधी सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. 'व्होल्टी' हा पर्याय चालू आहे ना? तो बंद असेल तर एअरटेल किंवा व्हीआयचा फोन कॉल लावताना २जीवर उतरतो आणि तेवढा वेळ नेट बंद पडतं. 'कॉल आला की नेट जातं' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आधी नकाशा, मग पायपीट

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी २०२४ साली सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. ते १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. त्यानुसार प्रत्येक कंपनीला आपण कुठे २जी, ४जी, ५जी देतो याचा नकाशा स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. मुलाला म्हणावं, पुण्यात बसून एवढं काम कर : चारही कंपन्यांच्या नकाशांवर आपली वस्ती मोठी करून बघ. शिवाय दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर आपल्या भोवतीचे टॉवर कुठे आहेत आणि कोणत्या कंपनीचे आहेत, हे नकाशावर बघता येतं. समोरच्या टॉवरचा उलगडा तिथे होईल.

नकाशात वस्ती रंगवलेली दिसली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. नकाशा उघड्या रानातला धरून वाचायचा, स्लॅबखालचा नाही. त्याचा उपयोग चाळणीसारखा करा. ज्या कंपनीच्या नकाशातच तुमची वस्ती कोरी आहे, ती यादीतून काढून टाका. उरलेल्या दोन-तीन कंपन्यांची परीक्षा प्रत्यक्ष घ्यायची.

त्यासाठी तीन जागा ठरवा. एक, घरातली जिथे तुम्ही खरोखर बसता ती जागा, बहुधा माजघर किंवा स्वयंपाकघर. दोन, बागेतली सगळ्यात लांबची किंवा सखल जागा, विहिरीजवळची. तीन, नेहमीचा रस्ता, मग तो सावळजचा असो की तासगावच्या मार्केट यार्डाचा. वेळाही तीन : सकाळ, संध्याकाळी सातनंतर (सगळं गाव तेव्हा फोनवर असतं), आणि लाइट गेलेली असताना.

प्रत्येक जागी दांड्यांऐवजी आकडा बघा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' आणि त्यात 'सिमची स्थिती' असं गेलं की 'सिग्नल स्ट्रेंग्थ'समोर उणे चिन्हाचा आकडा दिसतो. ४जीवर तो उणे ९०च्या आत, म्हणजे उणे ८० किंवा ८५ असेल तर उत्तम. उणे १००च्या आसपास असेल तर काम चालतं. उणे ११० ओलांडला की आवाज तुटायला लागतो, आणि उणे १२०ला फोन जवळजवळ गेल्यातच जमा. हा आकडा सरळ वाढत नाही, हे ध्यानात ठेवा. दहाचा फरक म्हणजे दहापट. उणे ९० आणि उणे ११० यांत विसाचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात ताकदीचा फरक शंभर पटींचा असतो. वाचून झालं की तिथूनच कोणाशी तरी पाच मिनिटं बोला आणि मुख्य म्हणजे पलीकडच्याला विचारा, "माझं नीट येतंय का?"

एवढी कार्डं आणायची कुठून? सोपं आहे. सुगीत, सणावाराला घरी पाहुणे येतातच. छाटणीच्या टोळीतल्या माणसांकडे चारही कंपन्यांची कार्डं असतात. त्यांचे फोन तीन जागी फिरवून बघायला पैसे पडत नाहीत. त्यातून एक कंपनी वर आली, की तिचं एक नवं प्रीपेड कार्ड सगळ्यात लहान रिचार्ज मारून घ्या आणि आपल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत महिनाभर वापरा. जुना नंबर तोवर आहे तसा राहू द्या. महिनाभरानं खात्री पटली तरच नंबर पोर्ट करा.

नंबर तोच, कंपनी दुसरी

नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. बँक, आधार, सोसायटी, सगळीकडे दिलेला नंबर तोच राहतो. PORT हा शब्द इंग्रजीत, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० या क्रमांकावर पाठवायचा. उत्तरादाखल एक आठ अक्षरी कोड येतो. तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे एका विभागातल्या विभागात हे काम तीन कामकाजी दिवसांत व्हायला हवं. विभाग बदलत असेल तर पाच. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हा एक विभाग आहे. म्हणजे पुण्याचा नंबर तासगावला आपल्याच विभागातला, मुंबईचा परक्या विभागातला.

पोर्ट करताना काही पथ्यं पाळा. जुन्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असले पाहिजेत, आणि नव्या कंपनीतही ९० दिवस काढल्याशिवाय पुन्हा हलता येत नाही. म्हणून तर आधी परीक्षा. पोस्टपेड असेल तर बिल चुकतं करा. प्रीपेडमधली शिल्लक नव्या कंपनीकडे येत नाही, तेव्हा वर्षाचा रिचार्ज मारून मग पोर्टचा विचार करू नका. हरवलेलं किंवा खराब झालेलं सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम १ जुलै २०२४ पासून आला. आणि जुनं कार्ड बंद पडून नवं चालू होईपर्यंत मध्ये काही वेळ दोन्ही मुकी असतात. तो दिवस सौद्याचा किंवा पीककर्जाच्या ओटीपीचा नसेल असं बघा.

दुसरं कार्ड ठेवावं का?

वस्तीवर राहणाऱ्यानं ठेवावं, पण विचार करून. पुष्कळ जण दोन कंपन्यांची दोन कार्डं घेऊन निर्धास्त होतात. दोघींच्या अँटेना जर एकाच सांगाड्यावर असतील तर लाइट गेली, बॅटरी उतरली की दोन्ही एकदमच जातात. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली तरी तेच होऊ शकतं. ऑगस्ट २०१९ मधला कृष्णेचा महापूर आठवून पाहा. वीज गेलेली आणि रस्ते पाण्याखाली असताना टॉवरच्या जनरेटरला डिझेल पोचवणार कोण? दुसरं कार्ड घ्यायचं ते दुसऱ्या टॉवरवरून येणाऱ्या कंपनीचं. 'तरंग संचार'चा नकाशा इथे पुन्हा कामाला येतो. लाइट गेल्यावर तास-दोन तासांनी कोणाच्या कार्डाला रेंज राहते, ही परीक्षा तर त्याहून खरी.

या दुसऱ्या कार्डावर नेटचा महागडा पॅक कशाला? ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानं प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक पॅक ठेवणं बंधनकारक केलं आहे. दुकानदार तो आपणहून दाखवीलच असं नाही. नाव घेऊन मागा. कार्ड तसंच पडू देऊ नका, सलग ९० दिवस वापर नसेल तर ते बंद होऊ शकतं आणि नंबर पुढे दुसऱ्याच कोणाला तरी दिला जातो.

वस्तीवर केबलवाल्याचं किंवा बीएसएनएलचं फायबर आलं असेल तर आणखी एक वाट मोकळी आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. मग घरात रेंज शून्य असली तरी कॉल वाय-फायवरून लागतो, तुमच्या नेहमीच्याच नंबरवरून आणि वेगळ्या पैशाशिवाय. फोन आणि कंपनी दोन्हींनी ही सोय दिलेली असावी लागते, एवढंच. तुमची अडचण फक्त स्लॅबखालची असेल तर कदाचित कार्ड बदलण्याची गरजच उरणार नाही.

याच विषयावर आणखी काही प्रश्न

प्रश्न : विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये जिओचं कार्ड घातलं तर चालत नाही. असं का?

उत्तर : कारण त्या डब्यातला रेडिओ बहुधा २जीचा असतो आणि जिओकडे २जी नाही. कार्ड चांगलं आहे, डबाही चांगला आहे, दोघांची भाषा वेगळी आहे. २जीच्या स्टार्टरला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं कार्ड लागेल. नवा स्टार्टर घेत असाल तर ४जीचा मागा. आणि रेंज घरात न मोजता विहिरीवर, पेटीच्या जागी मोजा. पेटी लोखंडी असेल तर अँटेनाची वायर पेटीबाहेर काढून उंचावर बांधा. रात्रीच्या पाळीची थ्री फेज आल्यावर अंधारात विहिरीवर जाण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम परवडतं.

प्रश्न : रेंज वाढवणारा बूस्टर ऑनलाइन मिळतो. घ्यावा का?

उत्तर : नको. परवान्याशिवाय असा बूस्टर विकणं, जवळ ठेवणं, वापरणं बेकायदेशीर आहे. शिवाय तो टॉवरच्या कानात गोंगाट करतो आणि आख्ख्या वस्तीचे कॉल बिघडवतो. तुमच्याकडे रेंज अचानक खालावली असेल तर जवळपास कोणी बूस्टर बसवलाय का, हेही बघायला हवं.

प्रश्न : तुमच्या शेतात टॉवर लावतो, महिन्याला मोठं भाडं देतो, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा, असा फोन आला होता. ट्रायचं पत्रही दाखवतात.

उत्तर : सरळ फसवणूक आहे. टॉवर लावण्यासाठी ट्राय कोणालाही ना-हरकत पत्र देत नाही, हे त्यांनी स्वतः वारंवार जाहीर केलं आहे. टॉवर कंपनी जागेचं भाडं देते, जागामालकाकडून आगाऊ पैसे घेत नाही. असा फोन आला तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर कळवा. तुमच्या नावावर किती कार्डं चालू आहेत, हेही तिथेच बघता येतं.

प्रश्न : तक्रार करून उपयोग होतो का?

उत्तर : तोंडी केली तर होत नाही. १९८ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येतं. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तेव्हा तिकडे पत्रं धाडण्यात वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तसंच २०२४ च्या नियमांनुसार जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेटवर्क २४ तासांहून जास्त ठप्प राहिलं, तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ मिळायला हवी. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळली आहे.

एकट्याच्या तक्रारीपेक्षा वस्तीची तक्रार जड असते. दहा घरांनी आपापल्या तीन जागांचे आकडे, तारीख, वेळ आणि कंपनी एका कागदावर लिहून काढली, तर दोन कामं होतात. कंपनीला अँटेनाचं तोंड वळवायला किंवा लो बँड लावायला सांगताना हातात पुरावा असतो. आणि तोच कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला, की कोणतं कार्ड घ्यावं हे विचारायला वस्तीतल्या कोणालाही पुण्याला फोन करावा लागत नाही.